कल्चरमध्ये काहीच नाही, पीसीआरमध्ये तीन जंतू: लेकराच्या जुलाबाचा कोणता रिपोर्ट खरा मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडला राहणाऱ्या एका ताईंचं १४ महिन्यांचं बाळ, पाच दिवस पातळ संडास, थोडा ताप, रक्त अजिबात नाही. आधी इथल्या लॅबमध्ये स्टूल कल्चर केलं, रिपोर्ट आला 'सालमोनेला, शिगेला आढळले नाहीत'. मग नात्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून सॅम्पल पुण्याला पाठवून महागडं पीसीआर पॅनल केलं, त्यात ईएईसी, ईपीईसी (दोन्ही ईकोलाय जंतूच्याच जाती) आणि कॅम्पायलोबॅक्टर असे तीन पॉझिटिव्ह. बाळ आता सुधारतंय पण ताई विचारतात, कोणती लॅब खोटी, आणि तीन जंतू म्हणजे तीन अँटिबायोटिक लागणार का?

ताई, खोटी कुठलीच नाही, आणि नुसत्या त्या कागदावर एकही अँटिबायोटिक सुरू करू नका. आता सविस्तर सांगतो, कारण हा घोळ फक्त तुमचा नाहीये, दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरवातीला असे दोन दोन रिपोर्ट हातात घेऊन लोक येतात. मी मायक्रोबायोलॉजीवाला आहे, बालरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे बाळाला तपासून बघणाऱ्या डॉक्टरांचं मत माझ्या वर.

कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. त्यात काय करतो आम्ही. संडासमध्ये शेंबडासारखा चिकट भाग किंवा रक्ताची रेघ असेल तर मुद्दाम तोच कण लूपवर उचलतो आणि मॅकॉन्की आणि एक्सएलडी अशा प्लेटांवर ओढतो, थोडा सेलेनाइटच्या नळीत (त्यात सालमोनेला जास्त वाढतो) टाकतो, ३७ डिग्रीला रात्रभर. सकाळी प्लेट उघडली की मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलन्यांचा नुसता गालिचा असतो, ते साधे ईकोलाय, प्रत्येक माणसाच्या आतड्यात असतात. त्या गुलाबी गर्दीत एखादी फिकट, रंग नसलेली कॉलनी दिसते का ते बघायचं. एक्सएलडीवर लालसर कॉलनी आणि मध्ये काळा ठिपका असेल तर सालमोनेलाचा संशय, काळा ठिपका नसेल तर शिगेलाचा. मग ती उचलून टीएसआयची तिरपी नळी, युरिया, मोटिलिटी अशा ओळख पटवायच्या चाचण्या, आणि शेवटी अँटिसेरा (ठरावीक जंतूलाच चिकटणारं द्रव) घालून काचपट्टीवर गुठळी होते का बघायचं, तेव्हा कळतं शिगेलाची कोणती जात, फ्लेक्सनेरी आहे की सोनाय. म्हणजे दोन तीन दिवस गेलेच. एवढ्या सगळ्यात आम्ही मुळात शोधतो काय, तर सालमोनेला आणि शिगेला, आणि डॉक्टरांनी लिहिलं असेल तर टीसीबीएस प्लेटवर कॉलरा. बास. रिपोर्टवर 'आढळले नाहीत' लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच की हे दोन वाढले नाहीत, बाकीचे आम्ही शोधलेच नव्हते. हे रिपोर्टवर स्पष्ट लिहायला पाहिजे, बहुतेक लॅब लिहीत नाहीत, आणि घरी लोक वाचतात 'जंतू नाही'.

आता ईकोलाय. जुलाब करणारे ईकोलाय वेगळे असतात, ईटीईसी, ईपीईसी, ईएईसी, ईआयईसी, एसटीईसी अशी त्यांची जात, पण प्लेटवर ते साध्या ईकोलायसारखेच गुलाबी दिसतात (ईआयईसी तर पुष्कळदा फिकट येतो आणि शिगेला म्हणून चकवतो). फरक त्यांच्या जीन्समध्ये, कुणाकडे टॉक्सिनचा जीन, कुणाकडे आतड्याला चिकटायचा. साध्या लॅबमध्ये तो दिसायचा काही मार्गच नाही. म्हणून लहान मुलाच्या संडासच्या रिपोर्टवर 'ईकोलाय ग्रोन' लिहून खाली पंधरा अँटिबायोटिकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं ती यादी, छापलेली दिसली की माझं डोकं फिरतं. संडासमध्ये ईकोलाय वाढणारच हो! आणि मग त्या यादीत मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकपुढे 'एस' (लागू पडतं) दिसलं म्हणून घरचे घाबरतात, की बापरे एवढं मोठं औषध लागणार का. लघवीच्या कल्चरचा नियम संडासला लावलाय, दुसरं काही नाही. असा कागद हातात आला तर दुर्लक्ष करा असं मी सरळ सांगतो.

कॅम्पायलोबॅक्टरचं अजून वेगळं. त्याला ४२ डिग्री लागते, हवेत ऑक्सिजन कमी, साधारण ५ टक्के, लागतो, अँटिबायोटिक घातलेली खास प्लेट लागते आणि ४८ तास थांबावं लागतं. १९७७ साली स्किरो नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अशी प्लेट वापरून दाखवलं तेव्हा कुठे जगभरच्या लॅबना कळलं की हा जंतू इतका कॉमन आहे, तोपर्यंत तो प्लेटवर येतच नव्हता म्हणून कुणी मोजत नव्हतं. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावात ऑक्सिजन कमी करायचे गॅसपॅक, जार आणि ती प्लेट कायम ठेवून रोज करणाऱ्या लॅब हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. त्यामुळे तुमच्या पहिल्या रिपोर्टात तो नसणं आणि दुसऱ्यात असणं यात काही भांडण नाहीये.

आणि सॅम्पल! यावर कुणी बोलत नाही. शिगेला फार नाजूक, संडास पडून राहिली की तिच्यात आम्ल तयार होतं आणि तो मरतो, दोन तासात प्लेटवर गेला तर ठीक. आता आपलं मे महिन्यातलं सोलापूर डोळ्यासमोर आणा, ४२-४३ डिग्री, सकाळी आठला डायपरमधून चमच्याने खरवडलेलं सॅम्पल (त्यातलं पाणी डायपरने आधीच शोषून घेतलंय), धुतलेल्या औषधाच्या बाटलीत, गाडीच्या डिकीत, बाबा आधी ड्युटीवर हजेरी लावून मग साडेबाराला लॅबमध्ये. त्यात आदल्या रात्री मेडिकलवाल्याने ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलचं सिरप दिलेलं, दोन डोस पोटात गेलेले. अशा सॅम्पलवर जगातल्या कुठल्याही लॅबला काही वाढणार नाही. करमाळा, सांगोला, बार्शीकडून एसटीच्या पार्सलने येणाऱ्या सॅम्पलची कथा तर विचारू नका. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे, कॅरी-ब्लेअर नावाचं ट्रान्सपोर्ट मिडियम, जेलीसारखं असतं, त्यात कापसाची काडी बुडवून झाकण लावलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवलं की जंतू दिवसभर टिकतो. ताजी संडास मिळत नसेल तर रेक्टल स्वॅब, म्हणजे गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना, चालतो, काडीला रंग लागलेला दिसला पाहिजे एवढंच. लॅबला फोन करून आधी ट्रान्सपोर्टची काडी मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळते, लोक मागतच नाहीत. नवं मशीन घेण्याआधी गावोगावी या काड्या पोचल्या तर आपले निम्मे निगेटिव्ह रिपोर्ट सुधारतील असं माझं मत आहे.

आता तुमच्या पुण्याच्या रिपोर्टकडे. पीसीआर जंतू वाढवत नाही, त्याच्या जीनचा तुकडा शोधतो, त्यामुळे मेलेला जंतू असो, चार असोत की चार कोटी असोत, मशीन म्हणणार 'डिटेक्टेड'. हे महागडे पॅनल एका तासात वीस बावीस जंतू तपासतात, बॅक्टेरिया, व्हायरस, परजीवी सगळे, मशीन म्हणून भारीच आहे. पण ते मुख्यतः जिथे पोरांच्या पोटात सहसा काहीच सापडत नाही अशा देशांना डोळ्यासमोर ठेवून बनलेत. आपल्याकडे उजनीचं पाणी कित्येक दिवसांआड येणार, मग ते पिंपात, बॅरलमध्ये, हौदात साठणार, त्यात तांब्या बुडणार, रांगणारं बाळ अंगणात कोंबड्यांच्या मागे, अशा घरात धडधाकट बाळाची संडास जरी पॅनलवर टाकली तरी काही ना काही निघतंच.

हे मी अंदाजाने नाही बोलत. २००७ ते २०११ मध्ये जेम्स नावाचा एक मोठा अभ्यास झाला, आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणी, आपल्याकडचं ठिकाण कोलकाता. पाच वर्षांखालची मध्यम ते तीव्र जुलाबाची नऊ हजारांवर मुलं घेतली, आणि यातली खरी हुशारी ही की प्रत्येक आजारी मुलामागे त्याच भागातलं, त्याच वयाचं, जुलाब नसलेलं मूलही शोधून त्याचीही संडास तपासली. निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली आला. जुलाबवाल्या ८३ टक्के मुलांत किमान एक जंतू सापडला, आणि जुलाब नसलेल्या मुलांत? ७२ टक्के! बघा म्हणजे. लग्नाच्या मांडवात दागिना चोरीला गेला तर मांडवात दिसलेला प्रत्येक जण चोर होत नाही, तसं आहे हे. मग चोर कोण हे त्यांनी असं काढलं की कोणता जंतू आजारी मुलांत निरोगी मुलांपेक्षा ठळकपणे जास्त आहे. त्यात वर आले रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, एसटी टॉक्सिनवाला ईटीईसी आणि शिगेला. आणि ईएईसी, जो तुमच्या रिपोर्टवर पहिल्या नंबरला आहे, तो निरोगी मुलांतही ढिगाने सापडत होता. ईपीईसीचंही पुष्कळसं तसंच, त्यातही 'टिपिकल' ईपीईसी अगदी तान्ह्या बाळांत त्रास देतो, पण बरीच पॅनल टिपिकल की अटिपिकल ते सांगतच नाहीत.

पुढे त्याच साठवलेल्या सॅम्पलमधून हजारो जोड्या घेऊन परत पीसीआर केला, पण मोजणीवाला, क्वांटिटेटिव्ह, तो निकाल २०१६ चा. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, जुन्या पद्धतीने शिगेला आणि कॅम्पायलोबॅक्टर फार निसटत होते, त्यांचा वाटा साधारण दुप्पट निघाला, शिगेला तर यादीत अगदी वर गेला. दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, की जंतू 'आहे की नाही' पेक्षा 'किती आहे' यावर ठरतं. पीसीआरमध्ये सीटी नावाचा आकडा असतो, मशीनला जंतू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो. आकडा लहान म्हणजे जंतू भरपूर, आकडा पस्तिशीकडे गेला म्हणजे कुठेतरी थोडासा अवशेष. शिगेला भरपूर असेल तर जुलाब त्याचेच हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं, थोडा असेल तर नाही. आणि तुमच्या पॅनलच्या रिपोर्टवर हा आकडाच नाहीये, फक्त 'डिटेक्टेड'. एवढे पैसे घेऊन कामाची गोष्ट छापत नाहीत, त्या मशीनला मान्यताच हो-नाही एवढ्यावर आहे म्हणे. लॅबला विचारून बघा, काही ठिकाणी वेगळं किट असेल तर तोंडी सांगतात.

कॅम्पायलोबॅक्टरबद्दल अजून एक. माल-एड नावाच्या दुसऱ्या अभ्यासात आठ देशांतली बाळं, आपल्याकडची वेल्लोरची, जन्मापासून दोन वर्षं दर महिन्याला तपासत गेले, जुलाब असोत नसोत. बहुतेक बाळांच्या संडासमध्ये पहिल्या वर्षातच कधी ना कधी कॅम्पायलोबॅक्टर सापडला, बऱ्याचदा बाळ मजेत खेळत असताना. मात्र म्हणून तो निरुपद्रवी असं नाही, ज्यांच्यात तो वारंवार निघत होता त्यांची उंची थोडी कमी भरली. हे जंतू आतड्याला आतून हळूहळू खरवडत राहतात असं दिसतंय. पण त्यावर उपाय अँटिबायोटिकचा कोर्स नव्हे, कोंबड्या बाळापासून लांब आणि पिण्याच्या पिंपाला झाकण आणि नळ, हा आहे.

असंच अजून एक पॅनलमधलं झंझट, सी डिफिसिल नावाचा बॅक्टेरिया. वर्षाखालच्या बाळांत ते काहीही त्रास न देता राहतं, त्यामुळे तान्ह्या बाळात पॉझिटिव्ह आलं तरी त्याला अर्थ नाही. ते बघून व्हॅन्कोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहिलेली चिठ्ठी मी पाहिलीय.

मग तपास कधी करायचा? माझ्या मते साध्या पाण्यासारख्या जुलाबात, बाळ पीतंय, खेळतंय, तर स्टूलचा कुठलाही तपास नको, ना कल्चर ना पॅनल, कारण उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच, ओआरएस आणि झिंक. तपास करायचा तो संडासमध्ये रक्त असेल तेव्हा, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, फार कुपोषित असेल, जुलाब १४ दिवसांच्या वर गेले असतील, अंगात ताप मुरलाय आणि बाळ सुस्त आहे, किंवा कॉलराची शंका असेल तेव्हा. अशा वेळी मी कल्चरच सांगेन, आणि अँटिबायोटिकच्या आधी. कारण कल्चरमध्ये जिवंत जंतू हातात येतो आणि त्यावर औषध चालतं की नाही ते बघता येतं, पॅनलने नाव कळतं, औषध कळत नाही. शिगेलाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं झालंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सल्ल्यात सिप्रोफ्लॉक्सासिन पहिलं होतं, आज आपल्याकडच्या शिगेलावर ते कितीतरी वेळा रेझिस्टंट येतं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिमची पण खात्री राहिली नाही. अर्थात रक्ताचे जुलाब असतील तर रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नसतं, सॅम्पल द्यायचं आणि डॉक्टर सांगतील ते सुरू करायचं, दोन दिवसांत रक्त थांबलं नाही तर मग रिपोर्ट बघून बदलायचं.

रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द 'अमीबा'. मायक्रोस्कोपखाली पस सेल आणि गोल दिसणारं काहीही अमीबाची सिस्ट म्हणून लिहिलं जातं, मेट्रोनिडाझोल सुरू. लहान मुलांच्या रक्ती जुलाबात अमीबा क्वचित आणि शिगेला नेहमीचा. स्लाइडवर हलणारा, पोटात लाल पेशी गिळलेला अमीबा दिसला तरच तो खरा.

कॉलराचं वेगळं सांगतो कारण आपला जिल्हा पंढरपूरचा. आषाढीच्या आसपास मोठ्या माणसाला सुद्धा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब धो धो लागले आणि काही तासांत डोळे खोल गेले तर कॉलरा डोक्यात यायलाच पाहिजे. याचा तपास त्या मानाने सोपा, अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये सहा आठ तास, मग टीसीबीएसवर पिवळ्याधमक कॉलन्या. त्याआधी हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली लटकत्या थेंबात, जंतू सुसाट पळताना दिसतात, आणि ओ१ या कॉलराच्या जातीचं अँटिसेरम घातलं की जागच्या जागी थांबतात, हे बघायला मला आजही आवडतं. डिपस्टिकचं रॅपिड किटही मिळतं, साथीच्या वेळी खेड्यात उपयोगी, पण ते कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येतं म्हणून पॉझिटिव्ह सॅम्पल कल्चरला पाठवायचंच. एक जरी कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी आरोग्य खात्याला कळवावं लागतं, मग पाइपलाइन कुठे फुटलीय, ड्रेनेज कुठे मिसळतंय याची शोधाशोध सुरू होते, खरा उपयोग तिथे.

कुणी विचारेल, मग मुळात जंतू शोधायचेच कशाला. एकेका बाळासाठी नाही पण गावासाठी, राज्यासाठी शोधावेच लागतात. कोणता जंतू किती हे मोजल्यावरच रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, शिगेला आणि ईटीईसीच्या लसींवर काम चाललंय तेही याच आकड्यांमुळे. आणि उलट बाजूही बघा, 'बॅक्टेरिया असेल म्हणून देऊन टाकू' ही आपली सवय तपासून बघितली गेली. भारतासह सात देशांत आठ हजारांवर मुलं, पाण्यासारखे जुलाब, पण डिहायड्रेशन किंवा कुपोषण असलेली, अर्ध्यांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन आणि अर्ध्यांना नुसतं दिसायला तसंच औषध. २०२१ साली निकाल आला, मृत्यूच्या आकड्यात फरक नाही. ही तर जोखमीची मुलं होती, तुमचं बाळ त्यापेक्षा कितीतरी बऱ्या अवस्थेत आहे.

तर ताई, आता करायचं काय. रिपोर्ट दोन्ही फाईलला लावून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. झिंक १४ दिवस पूर्ण करा, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद करू नका. ओआरएस पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, लिटरची पुडी असेल तर पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकायची नाही, आणि दुकानात खोक्यात मिळणारं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने. अंगावरचं दूध चालू, मऊ भात, वरण, केळं, सगळं चालू, पोटाला आराम वगैरे नको. संडासमध्ये रक्त दिसलं, लघवी सहा तास झाली नाही, काहीच पीत नाही, सारखी उलटी होतेय किंवा बाळ गळून पडलंय, तर माझ्या उत्तराची वाट न बघता रात्री असेल तरी दवाखाना गाठा, आणि जाताना शेवटचं डायपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन जा, डॉक्टरांना रंग बघू दे. तेवढ्यावर कल्चर मात्र नको, त्यासाठी तिथेच ताजा स्वॅब घ्यायला सांगा.